डागाळलेली टोपी आणि ‘सुधारलेले’ असत्य

#थ्रेड #इतिहास

१/ दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकी टोप्यांच्या बाजारात दोन शब्दांना सर्वाधिक मोल आहे : ‘अस्सल’ आणि ‘उत्तम अवस्थेतील’. विक्रेते हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे एकत्र वापरतात. प्रत्यक्षात ते पुष्कळदा परस्परांचे वैरी असतात. टोपी ‘उत्तम’ करण्याच्या खटाटोपात तिचे अस्सलपण सिद्ध करणारा पुरावाच नष्ट केला जातो. या थ्रेडचा आक्षेप नेमका त्या खटाटोपावर आहे.

२/ प्रथम वस्तूची ओळख. जर्मन भाषेत हिला ‘शिर्ममुत्से’ म्हणतात : वर कापडी माथा, मध्ये वेगळ्या रंगाचा पट्टा, पुढे कडक छज्जा. भूदलाच्या टोपीचा माथा हिरवट करडा, पट्टा गडद हिरवा. शिवणींवरच्या गोटाचा रंग शाखा सांगे : पायदळाचा पांढरा, तोफखान्याचा लाल, रणगाडा दलाचा गुलाबी. अधिकाऱ्यांच्या छज्ज्यावर रुपेरी गोफ, सेनापतींच्या सोनेरी, शिपायांच्या टोपीवर काळा पट्टा.

३/ आतल्या बाजूसही मजकूर असतो. कपाळाला टेकणारी घामपट्टी, अस्तर, आणि त्यावर बसवलेला सेल्युलॉइडचा पारदर्शक तुकडा. त्याखाली कारखान्याची मुद्रा सापडते : बर्लिनच्या रॉबर्ट लुबस्टाइनची ‘एरेल’, रॉन्सडॉर्फच्या पेटर क्युपरची ‘पेक्युरो’. अधिकारी टोप्या खाजगी दुकानांतून विकत घेत. म्हणून कापड, घडण आणि शिवण यांत पुष्कळ फरक आढळतो. ‘अमुक टाका असेल तरच खरी’ असे एकच सूत्र सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

४/ आता बाजाराची उतरंड पाहा. साध्या पायदळी शिपायाची टोपी तळाशी. एसएसची, कवटीचे चिन्ह असलेली टोपी शिखरावर. छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांच्या टोपीवरही हीच कवटी होती. म्हणजे जे चिन्ह गुन्ह्याच्या सर्वांत जवळ, त्याची किंमत सर्वांत चढी. ही उतरंड केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. तीच फसवणुकीला जन्म देते.

५/ पायदळाचा गोट पांढरा. एसएसच्या टोपीवरही पांढरा गोट सर्रास असे. मग कारागिराचे काम सोपे होते. हिरवा पट्टा उसवून काळा मखमली लावायचा, भूदलाचा गरुड काढून एसएसचा बसवायचा, खाली कवटी. माथा खरा, छज्जा खरा, अस्तर खरे, घामाचा डागही खरा. खोटा आहे तो फक्त मालक.

६/ आरंभापासून बनावट असलेली टोपी जगात एका असत्याची भर घालते. ‘सुधारलेली’ खरी टोपी असत्याची भर तर घालतेच, शिवाय एक सत्य कायमचे पुसते. कोणा अनाम शिपायाच्या अस्तित्वाची ती कदाचित शेवटची खूण असते. पहिला अपराध ग्राहकाविरुद्ध, दुसरा इतिहासाविरुद्ध. तरीही बाजारातील संताप बहुतेक पहिल्यावरच खर्ची पडतो.

७/ या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोनराड कुयाऊ याचे. हिटलरच्या बनावट रोजनिश्या लिहिण्यापूर्वी तो नाझी काळातील वस्तूंचा व्यापार करी. पहिल्या महायुद्धातील एका साध्या, किरकोळ किमतीच्या शिरस्त्राणासोबत त्याने एक बनावट चिठ्ठी जोडली : हे हिटलरने १९१७ साली ईप्र येथे घातले होते. शिरस्त्राण खरे, कागद खोटा. आणि किंमत कागदाची.

८/ १९८३ सालापर्यंत ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने त्याच्या रोजनिश्या सुमारे ९३ लाख मार्क मोजून घेतल्या. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारानेही आरंभी त्यांना मान्यता दिली. अखेर प्रयोगशाळेने निकाल लावला : कागदात युद्धोत्तर काळातील चकाकी आणणारे रसायन आणि बांधणीत पॉलिस्टरचे धागे. विद्वानाची नजर जिथे भुलली, तिथे धागा भुलला नाही.

९/ टोपीलाही याच कसोट्या लागू पडतात. पॉलिस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला; तो कपड्यांत रुळला युद्धानंतर. जर्मन सैनिकी टोपीच्या मूळ शिवणीत त्याला स्थान नाही. निसटलेला एखादा तंतू ज्योतीपाशी नेला, तर लोकर केसासारखा वास देऊन राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. चकाकीचे रसायन अतिनील प्रकाशात निळसर उजळते.

१०/ तथापि कसोटीलाही मर्यादा असते. १९६० साली कोणी खरी टोपी आधुनिक साबणाने धुतली असेल, तर तीही उजळेल. उलट, जुने कापड वापरून काल शिवलेली टोपी अजिबात उजळणार नाही. कृत्रिम धागा दिसला की खोटी, हेही अर्धवट ज्ञान. पेर्लॉन हा कृत्रिम धागा जर्मनीतच १९३८ साली तयार झाला होता. एका खुणेवर निवाडा करणे हा आळस आहे.

११/ खरा निवाडा खुणांच्या मेळावर होतो. घामपट्टी काळवंडली, पण अस्तर कोरे कसे? छज्जा झिजला, पण हात लागतो ती कड ताजी कशी? गरुड काढल्यास त्याखालच्या कापडाचा रंग कमी विटलेला दिसतो. ती सावली आज बसवलेल्या चिन्हाच्या आकाराची आहे काय? चिन्हाचे आकडे ज्या भोकांतून आत जातात, त्यांशेजारी आणखी भोके आहेत काय?

१२/ जादा भोके म्हणजे लबाडीच, असेही नव्हे. १९३३ साली प्रजासत्ताकाची काळी-लाल-सोनेरी चकती जाऊन काळी-पांढरी-लाल आली. १९३४ साली सैन्याच्या टोपीवर नाझी गरुड चढला. त्याआधीच्या टोपीवर जुनी भोके राहिली, तर ती एका सैन्याने पक्षाचे चिन्ह कपाळी लावून घेतल्याची साक्ष आहे. अशा टोपीची ‘दुरुस्ती’ करणारा ती साक्षच बुजवतो.

१३/ आणि दुरुस्ती होतेच. कसरीची भोके रफू केली जातात, छज्ज्यावर नवा लेप चढतो, पिवळा पडून तडकलेला सेल्युलॉइड बदलला जातो, घामाचे डाग धुतले जातात. मग विक्रेता ‘अप्रतिम अवस्था’ असे लिहितो. लोकर, चामडे आणि सेल्युलॉइड सुमारे ऐंशी वर्षे जगले, तर ती वर्षे दिसली पाहिजेत. कपाटात जपलेली न वापरलेली टोपी असू शकते. पण ती अपवाद आहे, मापदंड नव्हे.

१४/ यावर संग्राहकांचे उत्तर ठरलेले : ‘आम्ही नसतो तर या टोप्या उरल्याच नसत्या.’ यात तथ्य आहे. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी आठवण म्हणून नेलेल्या असंख्य वस्तू संग्राहकांमुळेच टिकल्या. फसवणुकीच्या खुणा ओळखण्याचे ज्ञानही बरेचसे त्यांनीच जमवले. परंतु जपणे आणि सजवणे या भिन्न गोष्टी आहेत. जपणारा वस्तूचे ऐकतो. सजवणारा तिच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो.

१५/ म्हणून मागणी साधी आहे. टोपीला हात लावण्यापूर्वी आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. गहाळ चिन्ह गहाळच राहू द्यावे आणि तसे लिहावे. केलेली प्रत्येक दुरुस्ती नोंदवावी. सोबतची कहाणी व कागद यांची तपासणी टोपीपासून स्वतंत्रपणे करावी. ‘अवस्था’ या शीर्षकाखाली दर्जा नव्हे, निरीक्षण लिहावे.

१६/ बाजाराचा भरवसा ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या न्यायावर आहे. इतिहासाला मात्र मूठ उघडावीच लागते. आत कवटी न निघता एखाद्या सामान्य शिपायाचा घामट, कसरीने खाल्लेला, चिन्ह हरवलेला पट्टा निघाला, तर किंमत उतरेल. पण त्या शिपायाची टोपी निदान त्याचीच राहील, आणि गुन्हेगारांच्या खात्यावर एक खोटी आठवण जमा होणार नाही. (समाप्त)