कंदिलाचा कारखाना आणि वाळूजचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या नव्या धाटणीच्या उपाहारगृहात छताला जुना कंदील टांगलेला दिसतो. त्यात रॉकेल नसते, वातही नसते. आत विजेचा चिमुकला दिवा बसविलेला असतो. तरुण विद्यार्थ्याला ती शोभेची वस्तू वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु मराठवाड्यात आज सत्तरी ओलांडलेले जे शिक्षक आणि कारकून आहेत, त्यांपैकी अनेकांचा शालान्त परीक्षेचा अभ्यास अशाच कंदिलापुढे झालेला आहे. दिवेलागणीपूर्वी राखेने काच पुसणे आणि कात्रीने वात सारखी करणे हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच एक भाग होता म्हणा ना! त्या काळच्या कंदिलांत 'प्रभाकर' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक होते. हा कंदील कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होत असे. कारखाना बंद पडला. गावाचे नाव मात्र राहिले.

ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला तो १९१६ साली. महाराष्ट्रात या विद्येची पायवाट त्यापूर्वीच पडलेली होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा या हिशेबाने वर्गणी गोळा करून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. परदेशी जाऊन ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले सूत्रधार. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मनी व ऑस्ट्रियाकडून येणारा काचेचा माल थांबला. देशी कारखानदाराला बाजार मोकळा मिळाला तो असा. स्वदेशीच्या भावनेने जे साधले नसते ते युद्धाने साधून दिले, हे कबूल केलेच पाहिजे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा उद्योगांना असलेला आश्रयही या काळी मोलाचा ठरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना १९१० साली कारखान्यासाठी जागा मिळाली ती याच चिमुकल्या संस्थानात. ओगले बंधूंनी पुढे आपल्या कंदिलाला वडिलांचे नाव दिले.

कंदील ही वस्तू दिसते तितकी सोपी नाही. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून हवा खाली ज्योतीकडे यावी आणि बाहेरचा वारा मात्र तिला लागू नये, अशी त्याची रचना असते. पत्र्याचे काम कुशल कारागीर करू शकेल. खरी परीक्षा काचेची. आतून तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तरी ती तडकता कामा नये. यासाठी भट्टीतून निघालेली काच हळूहळू, ठराविक वेगाने निववावी लागते. त्यात घाई झाली की काचेत ताण राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात गिऱ्हाईक दुकानदाराच्या दारात येते. देशप्रेमाखातर माणूस एकदा कंदील विकत घेईल. दुसऱ्यांदा घेईल तो काच टिकली तरच.

सरकारचे धोरण मात्र अजब होते. जपानी काचसामानाच्या लोंढ्याला तोंड देणाऱ्या या धंद्याला संरक्षण द्यावे, अशी शिफारस टॅरिफ बोर्डाने १९३२ साली केली. तीन वर्षे विचार करून सरकारने ती फेटाळली. कारण काय, तर काचेला लागणारा सोडा अ‍ॅश या देशात होत नाही, तो बाहेरून आणावा लागतो! कापूस बाहेरून आणणाऱ्या लँकेशायरला हा न्याय कोणी लावला नव्हता. अशा परिस्थितीत जे कारखाने टिकले त्यांचे श्रेय त्यांच्या कारागिरीला आणि चिकाटीला द्यावे लागेल.

याच सुमारास शहरी स्वयंपाकघरांत दाबाचा स्टोव्ह आला होता. त्याचे मूळ स्वीडनमध्ये आहे. स्टॉकहोमच्या एफ. डब्ल्यू. लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये 'प्रायमस' काढला. पंपाने टाकीत हवा भरावयाची, रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढून त्याची वाफ व्हावयाची आणि बारीक छिद्रातून ती निळ्या ज्योतीने जळावयाची. वातही नाही, काजळीही नाही. हेच तत्त्व बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ याने दिव्याला लावले आणि 'पेट्रोमॅक्स' जन्मला. आपल्याकडे ती गॅसबत्ती झाली आणि लग्नाच्या वरातीपासून तमाशाच्या फडापर्यंत तिचा लखलखाट पसरला. (स्टोव्हच्या वाट्याला मात्र एक अपकीर्ती आली. १९७० आणि १९८० च्या दशकांत सासरघरच्या कित्येक गुन्ह्यांवर 'स्टोव्हचा भडका' हे पांघरूण घातले गेले. त्यात दोष यंत्राचा नव्हता.)

वीज आली, स्वयंपाकाचा गॅस आला आणि या साऱ्या वस्तूंचे दिवस भरले. त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. काजळी आणि धूर कोणाला हवा आहे? प्रश्न निराळाच आहे. दक्षिण ध्रुवावरील १९११ च्या मोहिमेत अमुंडसेनने प्रायमस नेला होता. आज तेच नाव गिर्यारोहकांच्या गॅसच्या शेगड्यांवर दिसते. स्टोव्ह गेला तरी जळत्या वाफेला काबूत ठेवण्याची विद्या त्या नावाबरोबर पुढे गेली. इकडे औंधच्या आश्रयाने वाढलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगरापासून पंपापर्यंत मजल मारली आणि ती अद्याप चालू आहे. ओगलेवाडीतील भट्ट्या मात्र विझल्या. पिढ्यान्‌पिढ्या काच निववण्याचे गणित ज्यांच्या बोटांत मुरले होते, त्या कामगारांची विद्या कोणत्या पुस्तकात उतरली? अशी विद्या कागदावर फारशी उतरत नाही. भट्टी विझली की ती त्या माणसांबरोबरच जाते.

हा प्रश्न या शहराला आज विचारला पाहिजे. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कारखान्यांची वस्ती वाढत गेली. कोणी क्लचचे भाग करतो, कोणी गिअर कापतो, कोणी सायलेन्सरच्या नळ्या वळवतो. विजेवर चालणाऱ्या स्कूटरला क्लच नसतो, सायलेन्सर नसतो, इंजिनही नसते. विजेवरील वाहनांसाठी बिडकीनच्या जमिनीकडे नव्या कारखानदारांची नजर वळली आहे. टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये या जिल्ह्यातील प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. या करारांचे स्वागत आहे. परंतु पन्नास कामगारांच्या वर्कशॉपमध्ये जो माणूस तीस वर्षे गिअर कापत आला, तो कोणत्या करारात बसतो?

त्याच्या हातातील विद्या गिअरची नाही. धातू शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक कापण्याची आहे. ती विजेच्या मोटारीच्या दांड्यालाही लागते, शस्त्रक्रियेच्या उपकरणांनाही लागते. शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या सायंवर्गांचे दार या कामगाराला पदवी न विचारता उघडले पाहिजे आणि त्याच्याकडून शिकण्याचीही तयारी तेथील प्राध्यापकांनी ठेवली पाहिजे. लहान कारखानदारांना नव्या यंत्रांसाठी कर्ज हवे आहे. ते मोठ्या प्रकल्पांच्या सवलतींबरोबरच, त्याच अंदाजपत्रकात ठरावयास हवे. मागण्या आटल्यावर नव्हे, आज हातात काम असतानाच.