हे आजोबांचं ऑइल इंजिन नव्हं!



गळीत हंगाम तोंडावर आलाय. ऊस वाहतुकीचा करार केलेले ट्रॅक्टर धुऊन-पुसून तयार व्हायला लागलेत. नेमक्या ह्याच दिवसांत मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, "पन्नास रुपयांत इंजिन नव्यासारखं", "शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत". बघणारा बघतो, पाना घेतो आणि सुरू होतो. मग ऐन जानेवारीत तोच ट्रॅक्टर निळा धूर टाकत मेकॅनिकच्या दारात. ऊस फडात, टोळी बसून आणि बँकेचा हप्ता चालूच. म्हणून आज स्पष्ट लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

आपल्या सातारा-सांगलीला इंजिन काय नवं नाही. किर्लोस्करवाडी १९१० सालची. साताऱ्यात कूपरची ऑइल इंजिनं तयार व्हायची. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पन्नाशीतल्या प्रत्येकानं बघितलंय. हँडल मारलं की चालू, मिनिटाला दीड हजाराच्या आतबाहेर फेरे. कितीतरी इंजिनांना गार करायला पंपाचंच पाणी फिरायचं, एकीकडनं आत, दुसरीकडनं पाटात. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर ऑइलचा, तो डिझेलनं धुतला की काम झालं. आपल्या आजोबा-वडिलांनी जे केलं ते त्या इंजिनाला बरोबरच होतं. तीच सवय आपण आजच्या ट्रॅक्टरला, पिकअपला आणि चारचाकीला लावतोय, इथं घोळ आहे.

पाण्याचं बघा. आजचा रेडिएटर बंद असतोय. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आत राहतात. उद्या परत बोरचं पाणी ओतलं की आणखी क्षार. ज्या पाण्यानं ड्रिपच्या नळ्या चोकअप होतात म्हणून आपण ॲसिड सोडतो, तेच पाणी रेडिएटरात कसं ओततो? मिरज, पलूस, वाळवा भागात क्षारपड म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. जमिनीला जे बाधतं ते इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांना बाधणार नाही काय? कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणातच घाला. आणि गाडी तापती म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे तर अवघडच! तापायचं कारण तसंच राहतं, वर इंजिन गारठ्यात चालतं, डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलात उतरतं आणि लायनर झिजतात.

एअर फिल्टर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी कागदी फिल्टरला चिकटवून फुल्ल हवा मारायची, ही सगळ्यात महाग चूक. कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात. मग रोटाव्हेटरची धूळ सरळ सिलेंडरात. धुळीत वाळूच असते, ती पिस्टन-लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. हवा मारायचीच तर पुस्तकात लिहिलेल्या कमी दाबानं, थोडं लांबून, आतून बाहेर. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

ऑइल. "काळं पडलं म्हणजे खराब झालं" हे डिझेल इंजिनाला लागू नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम. बदलायचं ते तासावर, रंगावर नव्हं. "जाड ऑइल घाला, इंजिन टिकंल" हाही तसलाच सल्ला. बारीक वाटांच्या इंजिनात जाड ऑइल गार सकाळी वरपर्यंत लवकर पोचत नाही, आणि पहिली झीज तिथंच. खुणेच्या वर ऑइल भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करते. फेसानं बेअरिंग वाचत नाही.

आणि आता नवीन खूळ, पोत्यातल्या युरियाचं डीईएफ. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बऱ्याच मोठ्या गाड्यांना डीईएफची टाकी आली. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे ऐकलं, की निघाले बादली घेऊन! कृषी अधिकारी मित्रांनो, हे तुम्हीच गावात सांगायला पाहिजे. शेतीच्या युरियात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफला ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. शिवाय २०१५ पासून आपला युरिया निमकोटेड. तो नोझल चोक करतो, कॅटॅलिस्ट निकामी करतो आणि भरल्या गाडीची ताकद घाटात जाते. वर अनुदानाचं खत दुसरीकडं वापरणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा.

आता कोण म्हणंल, "शोरूमचं बिल तुम्ही भरताय काय?" बिल जास्त येतं हे खरंय. तालुक्याला हेलपाटा आणि दिवस मोडतो हेही खरंय. म्हणून तर घरी काम करा, माझा विरोध नाहीच. ऑइल बदलणं, फिल्टर बदलणं, ग्रीस मारणं हे शेतकऱ्याला यायलाच पाहिजे. पण पुस्तक उघडून करा. माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका म्हणणारे आपण, इंजिनाच्या बाबतीत कुणाच्याही व्हिडिओवर विश्वास कसा ठेवतो? तो व्हिडिओवाला तुमचं हाफ इंजिन बांधून देणार नाही.

कंपन्यांनाही सांगणं आहे. ट्रॅक्टर मराठीत विकता, मग पुस्तकही धड मराठीत द्या. आणि कृषी विज्ञान केंद्रांनी पीक मेळाव्यात एक तास इंजिनाला द्यावा. कापलेला खराब फिल्टर, क्षार बसलेला रेडिएटर आणि झिजलेला लायनर टेबलावर मांडा. एकदा हातात घेऊन बघितलं की लोकांना बरोबर कळतं.

तवर एवढंच करा. हंगामाआधी पुस्तकातलं सर्व्हिसिंगचं पान काढा, मीटरचे तास बघा आणि मगच पाना हातात घ्या.