रंगभवन गप्प केलं. मग पुढे काय केलं?

'रंगभवन' हे नाव पस्तिशीच्या आतल्या कुणालाही विचारून बघा. उत्तर एकच येतं, २६/११. कामा हॉस्पिटलजवळची ती गल्ली, जिथे करकरे, कामटे, साळसकर शहीद झाले. ही आठवण राहायलाच हवी. पण ज्या वास्तूवरून गल्लीला हे नाव पडलं ती वास्तू कसली, असं विचारलं की लोक गडबडतात. एकाने तर मला 'जुनं सिनेमा थिएटर असेल' असं सांगितलं. तोही पत्रकारच होता, म्हणून जास्त लागलं.

ते राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह. धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी. समोर रंगमंच, वर आभाळ. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या 'जॅझ इंडिया' संस्थेने पहिली 'जॅझ यात्रा' भरवली ती इथे. सनी रोलिन्ससारखा जगातला अव्वल सॅक्सोफोनवादक इथे वाजवून गेला. पुढे 'इंडिपेंडन्स रॉक' इथे गाजलं. चर्चगेट आणि सीएसटी, दोन्ही स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे कल्याणचा किंवा विरारचा पोरगासुद्धा कार्यक्रम ऐकून शेवटच्या लोकलने घरी जाऊ शकत होता.

आता कुणी म्हणेल, जॅझ आणि रॉकशी आपलं काय देणंघेणं? अहो, कुठलं संगीत हा प्रश्नच नाही. जागा कुणाची हा प्रश्न आहे. जागा सरकारी, म्हणजे तुमची-माझी. तिथे आज जॅझ वाजलं तर उद्या भारूड रंगू शकतं, परवा शाहीर उभा राहू शकतो. एकदा जागाच गेली की मग खासगी मैदानवाल्याचं भाडं भरेल त्याचंच गाणं.

मग झालं काय? २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज किंवा कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. आणि रंगभवनच्या आसपास काय? कामा हॉस्पिटल, झेवियर्स कॉलेज आणि किल्ला कोर्ट. तिन्ही! नियम करणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून ही जागा शोधली असती तरी इतकी नेमकी सापडली नसती. मैफली बंद झाल्या. 'इंडिपेंडन्स रॉक' अंधेरीला गेलं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल. मी हॉस्पिटलच्या बाजूने आहे. कामामध्ये बाळंतिणी असतात, नवजात बाळं असतात. त्यांच्या कानाशी अ‍ॅम्प्लिफायर लावण्याचा हक्क कुठल्याही कलेला नाही. डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलाली अशा लोकांनी आवाजाविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात जो लढा दिला, तो आपल्यासाठीच दिला. नियम चुकीचा नाही.

माझा राग पुढच्या भागावर आहे. नियम पाळला म्हणजे सरकारची जबाबदारी संपते का? स्टेज बंद करायला एक आदेश पुरला. मुंबईत त्याच दर्जाचं, त्याच आवाक्यातलं दुसरं खुलं सरकारी स्टेज उभारायला दोन दशकं पुरली नाहीत. छप्पर घालून, आवाज बाहेर जाणार नाही असा बंदिस्त हॉल करणं हे काही रॉकेट सोडण्याइतकं अवघड काम नाही. मधल्या काळात इथे मराठी भाषा भवन होणार असंही ठरलं होतं. तेही गेलं चर्नी रोडला, २०२२च्या गुढीपाडव्याला तिकडे भूमिपूजन झालं. रंगभवन आपलं तिथेच.

आणि कायदा वाकतच नाही असं तर अजिबात नाही. २००२ साली दुरुस्ती करून सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगी वर्षाला १५ दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरला सवलत देण्याची सोय झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, राज्याने अधिसूचना काढल्याशिवाय कुठलंही ठिकाण शांतता क्षेत्र नाही अशी दुरुस्ती आली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मतांचा आवाज आला की डेसिबल मोजायचं यंत्र कसं नादुरुस्त होतं, ते आपण सगळेच बघतो.

हे मुंबईपुरतं आहे असं समजू नका. आमच्या गावात नगरपालिकेचा खुला रंगमंच आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे शास्त्रीय गायनाची मैफल होती. भैरवीला सुरुवात झाली आणि दहाच्या ठोक्याला हवालदार घड्याळ दाखवत स्टेजजवळ. बाईंनी माईक बाजूला ठेवला, तशाच गायल्या, लोक पुढे सरकून बसले. त्याच महिन्यात दवाखान्याच्या गेटसमोर डीजे तासभर उभा होता, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. तेव्हा घड्याळ कुठे गेलं होतं? मी बातमी लावली. दुसऱ्या दिवशी फोन आला, 'साहेब, तुम्ही सणाच्या विरोधात आहात का?'

शांततेचा नियम आपल्याकडे दुबळ्यालाच लागू होतो. ज्याच्यामागे मंडळ नाही, पुढारी नाही, फ्लेक्सवर फोटो नाही, त्याने गप्प बसायचं. रंगभवनच्या बाजूने रस्त्यावर उतरणारं कुणी नव्हतं. जॅझ ऐकणारे रास्ता रोको करत नाहीत, हाच त्यांचा गुन्हा.

या सोमवारी सांस्कृतिक कार्य विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. मैफली थांबल्यापासून रंगभवनच्या देखभालीवर वर्षनिहाय किती खर्च झाला, पर्यायी जागेची एखादी फाइल तरी हलली का, आणि त्या वास्तूचं पुढे काय करायचं ठरलंय, एवढंच विचारलंय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो. तीस दिवसांत नाही आलं तर अपिलाची तारीखही टाकतो.