मोठी नोट नव्हे, रोजची नोट!

बनावट नोट म्हटलं की आपल्याला वाटतं, ती सर्वांत मोठ्या किमतीचीच असणार. नोटा छापणाऱ्या टोळ्यांचा हिशेब मात्र निराळा असतो. मोठी नोट दुकानदार उजेडात धरून, उलटसुलट करून बघतो. रोजच्या वापरातली नोट न बघताच गल्ल्यात जाते. म्हणूनच अमेरिकेत सर्वाधिक नकला होतात त्या २० डॉलरच्या. १०० डॉलरची नक्कल मुख्यतः परदेशात खपवली जाते. युरोपात २० आणि ५० युरोच्या नोटांवर या मंडळींचा डोळा असतो. २०२४ साली तिथे व्यवहारातून सुमारे ५ लाख ५४ हजार बनावट नोटा काढल्या गेल्या. त्यात बहुसंख्य याच दोन किमतींच्या होत्या!

सरकारंही गप्प बसलेली नाहीत. ऑस्ट्रेलियात १९६६ साली नवं दशमान चलन आलं आणि वर्ष संपायच्या आत १० डॉलरच्या बनावट नोटा निघाल्या. त्यावर उपाय म्हणून त्या देशाने १९८८ मध्ये पॉलिमरची, म्हणजे प्लॅस्टिकची नोट काढली. ब्रिटननेही २०१६ पासून तोच कित्ता गिरवला.

आणि आपल्याकडे? २०२३ मध्ये २,००० ची नोट मागे घेण्यात आली. तेव्हापासून ५०० ची नोट व्यवहारात सर्वांत मोठी आणि तरीही रोजची झाली. रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार २०२४-२५ मध्ये ५०० च्या नव्या नोटेच्या १ लाख १७ हजारांहून अधिक नकला सापडल्या. आदल्या वर्षापेक्षा ३७ टक्के जास्त!

अशी नोट बँकेत भरली की ती जप्त होते आणि हाती फक्त पावती येते. मोबदला शून्य. म्हणजे नोट दहा हातांतून फिरलेली असो, भुर्दंड शेवटच्याला. एकाच व्यवहारात पाच किंवा जास्त बनावट नोटा निघाल्या, तर प्रकरण पोलिसांत जातं. नोट बनावट आहे हे ठाऊक असूनही ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, हा तर गुन्हाच.

तेव्हा ५०० ची नोट घेताना तीन गोष्टी करा. नोट तिरपी करा. धाग्याचा हिरवा रंग निळा दिसायला हवा. दोन्ही कडांच्या पाच-पाच उठावदार रेघांवरून बोट फिरवा. उजेडात धरून गांधीजींचं जलचिन्ह बघा. समोरच्याला राग येईल म्हणून संकोच नको. नोट खरी असेल, तर त्याचं काहीच बिघडत नाही!