मैदानावरची भाषा आणि संघातील जागा



कबड्डीच्या सरावात एखादा चढाईपटू रिकाम्या हाताने परतला, की बाहेरून आवाज येतो, ‘बांगड्या भर!’ कुणाची चाल किंवा आवाज नाजूक असेल, तर ‘बायल्या’ हे नाव त्याला कायमचे चिकटते. बोलणारा म्हणतो, ही तर थट्टा. भाषेची अभ्यासक म्हणून मला मात्र वाटते, की या थट्टेकडे आपण अधिक गांभीर्याने पाहावे.

शब्दाचा अर्थ केवळ बोलणाऱ्याच्या हेतूने ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या स्थितीनेही ठरतो. संघातील बारांपैकी अकरा जणांना जे निव्वळ चिडवणे वाटते, ते बारावा समलैंगिक असेल तर त्याला ताकीद वाटते : ‘तू कोण आहेस हे कळले, तर येथे तुला जागा नाही.’ तो गप्प होतो आणि पुढे कदाचित मैदानावर येणेच थांबवतो. त्याला संघातून कोणी काढलेले नसते, तरीही तो बाहेर पडलेला असतो.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तथापि निकाल आपोआप मैदानापर्यंत पोहोचत नाही. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिने मे २०१९ मध्ये आपले एका स्त्रीवर प्रेम असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिला घरातून आणि गावातून विरोध सोसावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये नेपल्स येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत तिने १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. तिच्यापाशी आधीच्या पदकांचे बळ होते. तालुक्याच्या संघातील मुलाकडे किंवा मुलीकडे ते नसते. त्यांना सहकाऱ्यांचाच आधार हवा असतो.

‘खेळात हा विषय कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. परंतु ‘बांगड्या भर’ म्हणताना तो विषय आपणच मैदानात आणलेला असतो. पारलिंगी स्त्रियांनी महिला गटात खेळावे की नाही, यावर उच्चस्तरीय स्पर्धांत वाद आहे आणि तो तज्ज्ञांनी नियमांच्या चौकटीत सोडवावा. आपल्या गावच्या सरावात कोणाला हिणवू नये, हे ठरवण्यासाठी मात्र त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्यापैकी कोणी शिक्षक, कोणी क्रीडामंडळाचे कार्यकर्ते, कोणी पालक असतील. प्रशिक्षकाने चूक दाखवताना ‘पाय उशिरा मागे घेतलास’ असे म्हणावे. त्यात सुधारणेची दिशा असते, ‘बायल्या’ या शब्दात ती नसते. कपडे बदलण्यासाठी आडोशाची जागा असावी. कोणी विश्वासाने आपली ओळख सांगितली, तर ती त्याच्या संमतीशिवाय इतरांना सांगू नये. कर्णधाराने पहिल्याच वेळी टोकले, तर पुढची थट्टा सहसा होत नाही. कबड्डीत बचावाची साखळी हाताच्या पकडीवर टिकते. ज्याचे अर्धे लक्ष स्वतःला लपवण्यात गुंतले आहे, त्याची पकड घट्ट कशी राहील?

विचार करा : आपल्या परिसरातील मैदानावर आठवडाभर ऐकू येणारे हिणवणीचे शब्द लिहून ठेवा. प्रत्येक शब्द संघातून कोणाला वगळतो, ते त्यापुढे नोंदवा.