कचरा कोणाच्या दारात, हेही मोजा



प्राध्यापकांनी शिकवावे, कोर्टकचेऱ्यांत आणि आंदोलनांत पडू नये, असे मत शहर नियोजनाच्या चर्चेत वारंवार ऐकू येते. ते मला मुळीच पटत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड त्या मताप्रमाणे वागले असते, तर पर्यावरणीय न्यायाचा, म्हणजे प्रदूषणाचा भार कोणावर पडतो याचा, अभ्यास एका भक्कम पायाला मुकला असता.

1979 मध्ये ह्यूस्टनच्या नॉर्थवुड मॅनर या कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीजवळ कचराभूमी येऊ घातली होती. रहिवाशांचा दावा बुलर्ड यांच्या वकील पत्नी लिंडा यांनी लढवला. पुरावा गोळा करण्याचे काम बुलर्ड यांच्याकडे आले. टेक्सस सदर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या. शहरात कृष्णवर्णीय सुमारे 25 टक्के. पण महापालिकेच्या पाचही कचराभूमी आणि आठपैकी सहा कचराभट्ट्या त्यांच्याच वस्त्यांत निघाल्या.

भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नाही आणि 1985 मध्ये रहिवासी दावा हरले. मात्र बुलर्ड थांबले नाहीत. हाच शोध त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील इतर वस्त्यांपर्यंत नेला. 1990 मध्ये त्यांचे ‘डम्पिंग इन डिक्सी’ हे पुस्तक आले. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्रीय खात्यांना पर्यावरणीय न्यायाची दखल घ्यायला लावणारा आदेश काढला. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. म्हणूनच सरकार बदलले तरी कोणालाही पडताळता येईल, असा पुरावा अभ्यासकांनी तयार ठेवायला हवा. पीडितांची बाजू घेतल्याने आकडे खोटे होत नाहीत.

आपल्याकडे मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा टाकला जातो. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे माहुलला रिफायनऱ्यांशेजारी हलवली गेली. तिथे कोणालाही सक्तीने पाठवू नका, हे 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. तोवर लढण्याचा मोठा भार रहिवाशांवर होता.

माझी मागणी साधी आहे. कचराभूमी, भट्टी किंवा प्रदूषण करणाऱ्या प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी महापालिकेने वॉर्डनिहाय यादी मराठीत जाहीर करावी: त्या भागात असे प्रकल्प आधीच किती आहेत आणि शेजारी कोण राहते? विद्यापीठांच्या नियोजन व समाजशास्त्र विभागांनी ही यादी स्वतंत्रपणे तपासावी आणि गरज पडल्यास रहिवाशांसाठी न्यायालयात उभे राहावे.

— एक वाचक, चेंबूर, मुंबई