इंजिनाचा जुना रंग खरवडण्यापूर्वी

विहिरीवरील अथवा नदीकाठच्या डिझेल इंजिनाच्या रिंगा, बेअरिंगे व व्हॉल्व्ह बदलण्याचे काम निघाले, म्हणजे सारे इंजिन उकलून त्याचे भाग अंगणात मांडले जातात. वीजजोडण्या व सौरपंप वाढल्यामुळे अशी इंजिने पूर्वीइतकी दिसत नाहीत हे खरे. तथापि जेथे वीज पोहोचलेली नाही किंवा ऐन वेळी टिकत नाही, तेथे पाणी उपसण्यास व मळणी यंत्र चालविण्यास ती आजही उपयोगी पडतात. मिस्त्री सुटे भाग आणावयास तालुक्याच्या गावी गेला, की दोन-चार दिवस मोकळे मिळतात आणि गंजलेले इंजिन पाहून मालकाच्या मनात रंगाचा विचार येतो. हा विचार वाजवी आहे. ओतीव लोखंडाच्या उघड्या अंगावर पावसाळी हवेत गंज चढण्यास एक रात्रही पुरते. शिवाय फिकट रंगाच्या स्वच्छ इंजिनावर तेलाची गळती किंवा बारीक तडा चटकन नजरेस येतो. (जुने इंजिन विकत घेताना मात्र ताज्या रंगाला भुलू नये, तडा दाखविणारा रंग तडा झाकूही शकतो.)

तेव्हा रंगकाम घरी करूच नये, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. तो कोणी ऐकणार नाही, आणि ऐकावा असेही नाही. प्रश्न आहे तो धोका नेमका कोठे आहे, हे ओळखण्याचा. रंगाचा डबा उघडला म्हणजे वास येतो, म्हणून लोक त्या वासाला भितात. थिनर पेट घेतो हे ठाऊक असल्याने आगीलाही थोडेफार भितात. पण ब्रश डब्यात बुडण्याच्या आधीच या कामाचा सर्वांत घातक भाग उरकलेला असतो, व त्याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. तो भाग म्हणजे जुना रंग खरवडणे.

जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे शेंदूर सर्वांच्या परिचयाचा आहे. तेलात कालवून देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच एक क्षार होय, आणि हेच द्रव्य लोखंड गंजू नये म्हणून अस्तराच्या रंगात जगभर वापरले गेले. लोखंडावर ते उत्तम टिकते, म्हणूनच ते इतकी वर्षे चालले. पिवळ्या, नारिंगी व हिरव्या रंगांच्या छटा खुलविण्यासाठीही शिशाचे क्षार घातले जात. आज दुकानात मिळणारे तांबडे अस्तर बहुधा लोहभस्माचे, म्हणजे गेरूच्या जातीचे असते व त्यात हा दोष नसतो. परंतु चाळीस वर्षांच्या इंजिनावर आत कोणते अस्तर आहे, हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. हा नियम घरगुती रंगांपुरता आहे. यंत्रांसाठी बनविलेले औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. सबब जुन्या इंजिनाचा रंग शिशाचा आहे असे धरूनच कामास लागावे, हे शहाणपणाचे होय.

घट्ट बसलेल्या रंगातील शिसे कोणाचे काही बिघडवीत नाही. तारेचा ब्रश किंवा विजेवर फिरणारे घासयंत्र लावले, की त्याचा धुरळा होतो. तो अंगणात बसतो, ओसरीवर येतो, धान्याच्या सुपात पडतो, घासणाऱ्याच्या सदऱ्यावरून घरात जातो. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर शिशाचा जो परिणाम होतो तो पुढे भरून निघत नाही, व अमुक इतके शिसे निर्धोक अशी मर्यादा वैद्यकशास्त्राला आढळलेली नाही. गर्भवती स्त्रीच्या रक्तातून ते गर्भास पोहोचते. मोठ्या माणसास पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय अशी लक्षणे होतात; पण ती इतकी नेहमीची असतात, की त्यांचा संबंध महिन्यापूर्वी घासलेल्या इंजिनाशी कोणी जोडीत नाही.

गोठ्याकडेही पाहावयास हवे. गुरांना, विशेषतः वासरांना, वस्तू चाटण्याची खोड असते. टाकून दिलेल्या बॅटऱ्या व जुन्या रंगाच्या खपल्या हे जनावरांतील शिशाच्या विषबाधेचे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. जनावर आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, दात खाते, तोल जाऊन पडते व पुष्कळदा दगावते. असे असता खरवडलेला रंग झाडून उकिरड्यावर टाकण्याची रीत सर्रास दिसून येते. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि शिसे कुजून नाहीसे होत नाही, मातीतच राहते, एवढे सांगितले तरी पुरे.

यावर उपाय अवघड नाही. उलट त्याने श्रम वाचतात. जो रंग घट्ट आहे तो काढूच नये. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवावा, ओल्या वॉटरपेपरने पृष्ठभागाची चमक तेवढी मारावी व त्यावरच नवा रंग द्यावा. लोखंड उघडे पाडून आरशासारखे केल्यावाचून रंग टिकत नाही, ही समजूत दिखाऊ मोटारगाड्यांच्या कामावरून आलेली आहे. पाणी उपसणाऱ्या इंजिनास तिची गरज नाही. जेथे रंगाला पोपडे आले आहेत तेथेच खरवडावे, आणि तेही ओले करून. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून भागाखाली अंथराव्यात. पाण्यात थोडा साबण मिसळून तो भाग सतत भिजता ठेवावा व हाताच्या पट्टीने रंग सोडवावा. खपल्या व चोथा गोणीसकट गुंडाळून, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मुलां-जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा ठेवावा. नगरपालिकेची घातक कचरा घेण्याची सोय जवळ असेल तेथे तो द्यावा. विहीर, ओढा व उकिरडा या तीन जागा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. काम संपल्यावर जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपडे निराळे धुवावेत आणि हात धुतल्याखेरीज तंबाखू मळू नये. भिजलेले ओतीव लोखंड लगेच गंजू लागते, म्हणून ते पुसून, उन्हात खडखडीत वाळवून त्याच दिवशी अस्तर द्यावे.

श्रम वाचविण्याच्या इतर युक्त्या महागात पडतात. भाग जाळात टाकून रंग उडविल्यास शिशाची वाफ होते, ती धुरळ्याहून वाईट. शिवाय असमान तापाने ओतीव लोखंड तडकते. कॉस्टिक सोड्याचे कढत पाणी लोखंडाला चालते, पण पिस्टन व कित्येक झाकणे ॲल्युमिनियमची असतात. त्यांना ते खाऊन टाकते व त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. रंग सोडविणारे तयार द्रवही बाजारात मिळतात. त्यांपैकी मिथिलीन क्लोराइडयुक्त द्रवाची वाफ बंद जागेत साठून माणसे मेलेली आहेत. अमेरिकेत रंग काढण्यासाठी सामान्य ग्राहकांना त्याची विक्री करण्यास २०१९ साली मनाई करण्यात आली. अशा वस्तूला घरात जागा देऊ नये.

आता धुण्याविषयी व रंग लावण्याविषयी. तेलकट भाग पेट्रोलने धुण्याची सवय मोडलीच पाहिजे. गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेण्याजोगी असते. मग आपल्या उन्हाळ्याची कथा काय! ही वाफ व थिनरची वाफ हवेहून जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि दहा-पंधरा हातांवरील चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंत पोहोचते. डिझेलने धुतलेले भाग नंतर साबण व गरम पाण्याने स्वच्छ करावेत. त्याचा धोका कमी, व कामही चांगले होते. रिकाम्या दिसणाऱ्या इंधनटाकीत वाफ भरलेली असते, तेव्हा रंगापूर्वी तिला डाग देण्याचे काम घरी मुळीच करू नये. जागा म्हणाल तर पडवीपेक्षा झाडाखालची सावली बरी. जवसाच्या तेलाने किंवा ऑइलपेंटने भिजलेल्या चिंध्या एकत्र कोंबून ठेवल्यास त्या आतल्या आत तापून आपोआप पेटतात. त्या पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात वा एकेक पसरून वाळवाव्यात. उरलेले थिनर सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. चुकून कोणी ते प्यायल्यास ओकारी काढू नये, कारण ओकताना ते फुप्फुसात जाते. थेट दवाखाना गाठावा.

रंग ब्रशानेच लावावा. फवाऱ्याने अंग गुळगुळीत दिसते खरे, पण निम्मा रंग हवेत जातो व श्वासावाटे पोटात उतरतो. नाकाला बांधलेला रुमाल काही धुरळा अडवील, वाफ अडविणार नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा लागतो. दोन डब्यांतील द्रव मिसळून तयार होणारे पॉलियुरेथेन रंग तर घरी फवारू नयेतच. त्यांच्या कठीणकात आयसोसायनेट असते व त्याने एकदा दमा जडला, की पुढे त्याचा किंचित स्पर्शही सोसत नाही. फवारणीचा पंप रंगासाठी वापरण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने पंपही गमावला असे समजावे.

कोठे रंग लावावयाचा नाही, हे ठरविणे मिस्त्रीच्या डोक्यावर सोडू नये. सिलिंडरची आतील बाजू, क्रँकच्या घासल्या जाणाऱ्या जागा, गॅस्केटचे पृष्ठभाग, आटे, नोझल व इंधनपंप यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. क्रँककेसच्या आत घरचा रंग देऊ नये. तो सुटला की तेलाची गाळणी तुंबते व नवी बेअरिंगे जळतात. वायुमार्गाची बारीक भोके व टाकीच्या झाकणाचे छिद्र मोकळे राहावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पापुद्र्यांवर रंगाचे थर चढविल्यास उष्णता कोंडते, तेथे एकच पातळ हात पुरे. खरवडण्यापूर्वी तोंडे बंद करावयास जे बोळे कोंबतात, ते मोजून कोंबावेत आणि मोजूनच काढावेत. क्रमांकाची पट्टी तर झाकूनच ठेवावी. अश्वशक्ती, फेरे व अनुक्रमांक त्या पट्टीवर असतात, आणि रंगाखाली गेलेला क्रमांक सुटे भाग मागविताना उपयोगी पडत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय यांत्रिकी खात्याचा म्हणून बाजूला सारू नये. कीटकनाशकाच्या डब्याविषयी ते जसे घरोघर सांगतात, तसेच याविषयी सांगता येईल. इंजिन कोणाकडे उकलले आहे हे गावात लपत नाही. त्या घरी जाऊन तासभर बसावे व गोणी अंथरून एक झाकण ओले खरवडून दाखवावे. हे बोलणे घरातील स्त्रियांच्या समक्ष व्हावे, कारण अंगण त्या झाडतात आणि पोरे त्यांच्या पायाशी असतात. पुरुषांनी मनावर घेतले नाही तरी वासराचा दाखला त्यांना पटतो, असा अनुभव कार्यकर्त्यांना येईल.

सायलेन्सर व त्याच्या नळीला साधा ऑइलपेंट टिकत नाही. तेथील उष्णता शेकडो अंशांची असते. त्यासाठी निराळा उष्णतारोधक रंग मिळतो. तो वाळल्यावरही पुरा पक्का झालेला नसतो, इंजिन तापले म्हणजे पक्का होतो, आणि त्या वेळी उग्र धूर निघतो. म्हणून जोडणी झाल्यावर इंजिन पहिल्यांदा खोपटात चालवू नये. उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून, मुलांना दूर पाठवून ते सावकाश अर्धा तास चालवावे, थंड होऊ द्यावे, आणि मिस्त्री डोक्याचे बोल्ट पुन्हा आवळील तेव्हा त्यांच्याभोवतीचा रंग कोठे चिरला आहे ते पाहून तेवढ्याच जागी ब्रश फिरवावा.